बाकीच्या कथाही वाचनीय आहेत

पुण्याच्या एका संपादकांनी विज्ञानकथांचा संग्रह काढायचं ठरवलं, तेव्हा आम्हा लेखकांना त्यांनी आधीच बजावलं होतं की विषय अवघड आहेत, टीका होणार, तयारीत राहा. माझ्याकडे कथा मागितली याचाच मला इतका आनंद झाला की मी टीकेची वाट बघू लागलो. रायपुरात वीज खात्यात नोकरी करून फावल्या वेळात मराठी लिहिणाऱ्यावर टीका तरी कोण करतो? सदर बाजारात मराठी पुस्तक मागितलं तर पंचांग पुढे करतात.

माझी कथा इच्छामरणाची होती. पुढच्या काळात प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या मनगटावर एक यंत्र असतं, जगणं नको झालं की त्याची कळ दाबायची. कथेतली आई अंथरुणाला खिळलेली, वाचा गेलेली; आणि कळ दाबायची की नाही यावर तिची मुलं वाद घालतात. लिहिताना मी रडलो होतो. हे मी बऱ्याच जणांना सांगितलंही.

पुस्तक आलं. धर्माच्या नावानं कोणी आक्षेप घेतला तर काय बोलायचं, डॉक्टर मंडळी चिडली तर काय, याची उत्तरं मी दाढी करताना आरशासमोर म्हणून बघत असे. आक्षेप आला नाही. एका मासिकात परीक्षण आलं. त्यात काही कथांवर परिच्छेदच्या परिच्छेद होते, मुखपृष्ठावरही होता, आणि शेवटी एक ओळ : 'बाकीच्या कथाही वाचनीय आहेत.' त्या बाकीच्यांत मी होतो. दुसऱ्या एका समीक्षकानं इंटरनेटवर लिहिलं की संग्रह फार काळोखा आहे, विरंगुळा मिळतो तो फक्त मुलांच्या भांडणाच्या कथेत. ती माझी. बायकोला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, त्यानं निदान वाचली तरी.

आईपासून मात्र मी पुस्तक लपवलं होतं. ती रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. या वयात तिनं हे वाचू नये म्हणून कपाटात रजयांच्या मागे ठेवलं.

एका गुरुवारी मी रजेवर होतो आणि आईच्या भजनाच्या मैत्रिणी घरी जमल्या होत्या. भजन आटोपल्यावर मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आलो, तर गुढ़ियारीहून येणाऱ्या काकू सगळ्यांना विचारत होत्या की तुमच्यापैकी कळ कोण दाबेल. रजया उन्हात घालताना आईला पुस्तक सापडलं होतं. तिनं ते वाचलं होतं आणि मैत्रिणींना सगळी गोष्ट सांगितली होती.

एकीचं म्हणणं, मुलांच्या हाती हा निर्णय मुळीच देऊ नये, त्यापेक्षा तिच्या दोन्ही सुना बऱ्या.  दुसरीनं सांगितलं की नवऱ्याला नळ्या लावल्या होत्या तेव्हा ते डोळ्यांनी काहीतरी सांगत होते, आणि ते काय होतं हे तिला अजून कळलेलं नाही.  आता लेखकाला कोणीतरी काही विचारेल म्हणून मी तिथेच उभा राहिलो. शेवटी मीच म्हणालो की ही कथा माझी आहे.

"हव, सांगितलं तुझ्या आईनं," गुढ़ियारीच्या काकू म्हणाल्या. "बेटा, चहात शक्कर कमी आहे."

मैत्रिणी गेल्यावर मी आईला कथा कशी वाटली ते विचारलं.

"चांगली आहे. पण सारे पोट्टे वाद करून राहिले, त्या बाईले कोणी काही विचारतच नाही."

मी समजावलं की तिची वाचा गेली आहे, तीच तर शोकांतिका आहे.

"वाचा तूच घालवली ना? काहून?"

या आक्षेपाचं उत्तर मी तयार केलं नव्हतं.

"मले विचारायचं असन तं आताच विचार," ती म्हणाली.

अवघड विषयाला हात घालणारा लेखक यावर उठला आणि पाण्याची मोटर बघायला निघाला. तिनं हात धरून बसवलं, सुनेलाही बोलावलं. मग बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात तिनं सांगितलं : नळ्या नको, दवाखान्यात ठेवायचं नाही, दुखत असेल तर औषध द्या, आणि नागपूरच्या नातेवाइकांना घाईनं बोलावू नका, ते येऊन रडतात आणि स्वयंपाक आपल्याला करावा लागतो. बायकोनं नीट प्रश्न विचारले.  मी नुसता आईच्या मनगटाकडे बघत होतो.

पुढे मी ती कथा पुन्हा लिहिली. कथेतल्या आईला वाचा दिली, मुलांना गप्प बसवलं आणि पुढच्या आवृत्तीसाठी पाठवली. संपादकांनी कळवलं की आता ही विज्ञानकथा राहिलेली नाही, घरगुती झाली. मग ती मी आईला वाचायला दिली. चष्मा लावून तिनं ती शेवटपर्यंत वाचली.

"आता ही बाई जास्तच बोलून राहिली," ती म्हणाली.