गोठ्यातल्या सायकलचा इंग्रज

डॉक्टरांनी मला सायकल चालवायला सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात नवी सायकल असणार. मी शहाद्यात पॅथॉलॉजी लॅब चालवतो. लोकांच्या रक्तातली चरबी मोजायची आणि त्यांना घाबरवायचं, हा माझा धंदा. स्वतःचा रिपोर्ट आला तेव्हा मात्र मी आधी मशीनवर संशय घेतला. मशीन ठीक होतं.

पण नवी सायकल घेण्यात माझ्यासारख्या माणसाला मजा वाटेना. तापीकाठी सारंगखेड्याच्या अलीकडे आमचं गाव आहे, आणि तिथल्या गोठ्यात म्हशींच्या डोक्यावर खुंटीला एक जुनी सायकल टांगलेली होती. खरं तर सायकलचा सांगाडा. चाकं, हँडल, सीट, चेन सगळं कधीच गेलेलं. राहिली होती ती फ्रेम आणि पुढचा चिमटा. दर दसऱ्याला नांगर, मोटार आणि फवारणीच्या पंपाबरोबर तिचीही पूजा व्हायची. कारण ती आजोबांना एका इंग्रज साहेबानं दिली होती.

ही गोष्ट आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं ऐकलेली आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत साहेबाचा घोडा उधळला, आजोबांनी लगाम धरून त्याला थांबवलं आणि साहेबानं खूश होऊन स्वतःची सायकल देऊन टाकली. वडील, म्हणजे आमचे बापू, ही गोष्ट सांगायचे. पाहुणे जितके महत्त्वाचे तितका घोडा मोठा. एकदा तहसीलदार जेवायला आले होते, तेव्हा साहेबासोबत त्याची मडमही पडता पडता वाचली. घोड्यावर फिरणारा साहेब यात्रेत सायकल कशाला घेऊन आला होता, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

मी ठरवलं की हीच सायकल पुन्हा उभी करायची आणि तिच्यावरच चरबी उतरवायची. बापू कुरकुरले.

"राहू दे. आजाना हात लागेल शे तिले."

"म्हणूनच तर चालवायची," मी म्हणालो. मी फ्रेम गाडीत टाकून शहाद्याला आणली.

सुटे भाग आणायचे तर आधी फ्रेम कोणत्या कंपनीची आणि कोणत्या काळातली हे कळायला हवं होतं. कंपनीचं नाव कुठेच दिसत नव्हतं, कारण कुणीतरी तिला लोखंडी कपाटाला देतात तो चंदेरी रंग दिला होता आणि त्यावर कित्येक दसऱ्यांचं हळदकुंकू बसलं होतं. माझ्या ओळखीचे एक सायकलवाले चाचा आहेत, बसस्टँडमागे त्यांचं दुकान आहे. त्यांनी फ्रेम उचलली, एका हातानं वर-खाली केली आणि म्हणाले, "हलकी है. इसका केले लटकाने का स्टँड अच्छा बनेगा." मी फ्रेम परत घेतली.

मग इंटरनेटवर जुन्या सायकलवेड्यांचा एक गट सापडला. ही जगभरातली माणसं. यांचे संसार कसे टिकले असतील असा प्रश्न पडावा इतक्या बारकाईनं ती सायकलीच्या नळ्यांबद्दल बोलतात. मी पूर्ण फ्रेमचा एक झकास फोटो टाकला, मागे केळीची बाग. कुणी बागेकडे पाहिलंही नाही. पायडलचा कणा जिथून जातो त्या आडव्या नळीच्या पोटावर नंबर असतो, तो दाखवा, असं सगळ्यांचं एकच म्हणणं.

फ्रेम उलटी केली तर त्या नळीच्या पोटावर कुंकवाचा आणि ग्रीसचा लाडू जमलेला. लॅबमध्ये स्लाइड साफ करायला आणलेलं द्रावण मी घरच्या अंगणात घेऊन बसलो आणि जुन्या टूथब्रशनं आमच्या घराण्याची भक्ती खरवडून काढली. बायको दारात उभी राहून म्हणाली, "एवढ्या वेळात शहादा ते म्हसावद चालत जाऊन आला असतात, वजन तरी उतरलं असतं." खाली खरंच आकडे निघाले, आणि आणखी खरवडल्यावर चंदेरी रंगाखाली गर्द हिरवा.

चाचांकडून कण्याची वाटी आणून फिरवून पाहिली, तर ती लगेच बसली. म्हणजे आटे इंग्रजी मापाचे. मी बापूंना फोन केला. पलीकडे त्यांचा आवाज एकदम तरुण झाला.

"देख. आटे बी इंग्रजी शेतस."

आपल्याकडच्या दूधवाल्याच्या सायकलचे आटेही इंग्रजीच असतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पुढचे फोटो गेले आणि गटातला एक म्हातारा गृहस्थ कामाला लागला. तो स्वतः इंग्लंडमधलाच, निवृत्त, आणि बहुधा घरातल्यांना नकोसा झालेला. त्यानं मला वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढायला लावले. मागचं चाक जिथं अडकतं तिथं उजव्या बाजूला गिअर टांगायचा कान आहे का? आहे. खालच्या तिरप्या नळीवर पाण्याच्या बाटलीचा पिंजरा बसवायची दोन भोकं आहेत का? रंग खरवडल्यावर तीही निघाली. गिअरची तार नेणाऱ्या कड्या नळीवर मुळातच जोडलेल्या आहेत की पट्टीनं आवळलेल्या? जोडलेल्या. सांध्यांवरचे टोप कुठं निमुळते होतात, तेही त्यानं मोठं करून पाहिलं. मग त्यानं निकाल दिला. फ्रेम इंग्लंडचीच, एका छोट्या कारखान्यातली, हातानं जोडलेली, शर्यतीची. आणि नंबरावरून, कानावरून, भोकांवरून सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची.

मी निकाल पुन्हा वाचला. इंग्रज देश सोडून गेल्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी ही सायकल जन्माला आली होती.

शिवाय त्या गृहस्थानं जाता जाता लिहिलं होतं की मालक चांगलाच उंच असणार. आमचे आजोबा फोटोत आजीच्या खांद्याला लागतात, तेही पाटावर उभे राहून. या सायकलवर बसले असते तर त्यांचे पाय जमिनीला सोडाच, पायडललाही पोचले नसते. ती फ्रेम लहानपणापासून माझ्या डोळ्यांसमोर होती आणि आजोबाही होते. दोघांना कधी शेजारी उभं करून पाहावं असं वाटलं नव्हतं.

रविवारी गावी गेलो आणि बापूंना सगळं समजावून सांगितलं. कान, भोकं, कड्या, नंबर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अडकित्त्यात सुपारी धरली.

"मंग तो इंग्रज उशिरा गया व्हई."

एवढं बोलून ते बागेला पाणी सोडायला निघून गेले. वीज नव्हती, तरी गेले.

त्यानंतर काही दिवसांनी लॅबच्या कामासाठी नवापूरला जाणं झालं. तिथं आमची फुई राहते, म्हणजे बापूंची थोरली बहीण. तिचे यजमान, आमचे फुवा, वारल्यापासून कोंबड्यांचा सगळा फार्म तीच बघते. मुलगा फक्त हो म्हणायला असतो. वय सत्तरीच्या पुढे, पण अजून दारातून आत येताना डोकं वाकवते. मी चहा पिता पिता तिला गंमत म्हणून मोबाइलवर फोटो दाखवले. म्हटलं, आजोबांच्या इंग्रजाचं बिंग फुटलं.

तिनं चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो इतका मोठा केला की पडद्यावर फक्त वरच्या नळीवरचा एक पोचा राहिला. बोटानं त्यावर टिचकी मारली.

"सोनगडना उतारवर पाडी व्हती मी तिले."

मला काही समजेना. "पण फुई, इंग्रज—"

"कसाना इंग्रज? हाई मन्ही सायकल शे."

मग तिनं कपबशी बाजूला सारून सगळं सांगितलं. ती सुरतेला मामाकडे राहून कॉलेज शिकत होती. तिथं एक वयस्कर पारशी गृहस्थ हौसेनं मुलामुलींना सायकल शर्यतीचे धडे द्यायचे. त्यांच्या पुतण्यानं इंग्लंडहून त्यांना ही सायकल पाठवली, पण ती इतकी उंच की कुणाचेच पाय पुरेनात. फुई सगळ्यांत उंच, म्हणून तिला मिळाली. मी आदरानं विचारलं, शर्यत जिंकलीस का? म्हणाली, शेवटून दुसरी आले. शेवटची होती ती खड्ड्यात पडली होती.

पण सायकल तिची झाली ती झालीच. त्या दिवाळीत तिनं ठरवलं की गावी सायकलनं जायचं. सलवारीच्या पायांना रबरी कडी अडकवून ती सुरतेहून निघाली. मामाला वाटलं ती रेल्वेनं गेली. सोनगडच्या उतारावर पडली, उठली, आणि नवापुरात शिरताना चाक पंक्चर झालं. ओळखीच्या एका घरी मुक्काम केला. त्या घरच्या मुलानं पंक्चर काढून दिलं आणि हवा भरताना एकदाही विचारलं नाही की मुलीच्या जातीनं हे काय चालवलंय. दुसऱ्या दिवशी ती घरी पोचली, तेव्हा ओट्यावर तिलाच बघायला आलेले पाहुणे बसलेले.

ती मागच्या दारानं आत पळाली, पण सायकल अंगणातच राहिली. ड्रॉप हँडलची, हिरवीगार. पाहुण्यांमधल्या वडीलधाऱ्यानं विचारलं, ही कोणाची? आजोबांना 'मुलीची' म्हणवेना. जीभ रेटेल ते बोलले. इंग्रज साहेब, घोडा, लगाम. फुई आतून चहाचा ट्रे घेऊन येत होती. ती इतकी हसली की चहा नवऱ्या मुलाच्या पांढऱ्या पँटवर गेला. स्थळ तिथंच मोडलं.

रात्री आजोबा रागावले तेव्हा तिनं त्यांना सांगितलं, "माले देवानं व्हई तर नवापूरले त्या पंक्चरवालाकडेच द्या." आजी मध्ये पडली आणि वर्षाच्या आत लग्न तिथंच झालं. सायकल मात्र आजोबांनी जाऊ दिली नाही. तोवर इंग्रज साऱ्या तालुक्यात पोचला होता, पुरावा घरात हवाच होता. वरून त्यांनी चंदेरी रंग फासला, नवा हिरवा रंग दिसू नये म्हणून.

परत येताना मी तडक गावी गेलो. बापू ओट्यावर होते. मी म्हणालो, "फुईनं सगळं सांगितलं. तुम्हाला ठाऊक होतं?"

 पाहुणे आले त्या दिवशी बापू शाळकरी वयाचे होते आणि पाहुण्यांपुढे बसले होते.

"पाव्हनास्नी इचारं, बापनी सांगं, मी मान डोलाई," ते म्हणाले. "मंग जलमभर डोलावनी पडनी."

"आणि मडम?"

"ती मन्ही शे," बापूंनी कबूल केलं, आणि मला वाटतं त्यांना तिचा थोडा अभिमानही होता.

पुढच्या आठवड्यात फुईचा फोन आला. तिनं हालहवाल विचारली नाही. म्हणाली, सायकल मन्ही शे, पाठाड. मी चाकं, हँडल, गिअर जमेल तिथून गोळा केलं. काही सुरतेहून, काही त्या इंग्लंडच्या म्हाताऱ्यानं सांगितलेल्या पत्त्यांवरून. चाचांनी केळीच्या स्टँडचा विषय सोडून देऊन जोडणी केली. रंग पुन्हा गर्द हिरवा दिला. बापू स्वतः सोबत नवापूरला आले आणि सायकलला घालायचा दसऱ्याचा हार त्यांनी गाडीतच ठेवला.

फुईनं सायकलभोवती एक फेरी मारली, पोच्यावरून हात फिरवला आणि नऊवारीसारखा साडीचा काचा मारला. तिचा मुलगा गयावया करत होता की आई, गुडघे आहेत तुझे. शेडच्या मधला सिमेंटचा रस्ता लांब आणि सपाट. ती टांग टाकून बसली, जरा डुगडुगली आणि निघाली. दोन्ही बाजूंच्या जाळ्यांमागे हजारो कोंबड्या एकाच वेळी उठल्या आणि असा कल्लोळ झाला की मुलगा डोकं धरून खाली बसला. फुई टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. बापू हळू आवाजात मला म्हणाले की त्यांनीही तिला आज पहिल्यांदाच चालवताना पाहिलं.

मी पुढे होऊन तिला गिअर कसा बदलायचा ते दाखवायला लागलो.

"बाजूले व्हय," ती म्हणाली आणि पुन्हा निघाली.