'चला' म्हणणारा संगणक

माझा दोस्त रावसाहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी वैजापूरला बहिणीकडे होतो. फोनवर त्याची बायको, मंदावहिनी होत्या. आवाज अगदी सरळ. “भाऊजी, हे जेवून जरा पडले होते... उठलेच नाहीत.” “लगेच निघतो,” मी म्हणालो. त्या म्हणाल्या, “सावकाश या. गाडी दामटू नका.” या गोष्टीला आता दीड महिना होत आला. लिहायला बसलो की आधी त्याचं हसू आठवतं, म्हणून हा लेख रडका होणार नाही, एवढं सांगून ठेवतो.

चितेगावच्या एका कारखान्यात आम्ही दोघं बावीस वर्षं एकाच स्टोअरला होतो. रावसाहेब पाचोडचा, आयटीआय झालेला. स्टोअरमध्ये पहिला संगणक आला तेव्हा आम्ही त्याला हात लावायला बिचकत होतो, आणि हा मागून झाकण उघडून आत डोकावत होता. वर्षभरात त्यानं मुकुंदवाडीच्या घरी एक जुना संगणक आणला. कारण वहिनी. त्या घरीच शिवणकाम करायच्या. हात असा, की एकदा ब्लाऊज शिवून नेलेली बाई दुसरीकडे जायची नाही. पण मापांच्या चिठ्ठ्या हरवायच्या आणि गिऱ्हाइकाला पुन्हा बोलवावं लागायचं. मापं संगणकात ठेवू, असं रावसाहेबनं ठरवलं. वहिनी मात्र संगणकाजवळ जाईनात. सातवी शिकलेल्या, मराठी झरझर वाचायच्या, पण पडद्यावर सगळं इंग्रजी. कोपऱ्यातल्या ‘स्टार्ट’ बटणावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “हे मला वाचता येत नाय, अन् न वाचता मी कशावर अंगठा देत नसते.”

ते वाक्य त्याला लागलं. तो शब्दच बदलायचा, असं त्यानं मनावर घेतलं. संगणक ज्या फायलींवर चालतो, त्यातल्याच एकीत तो शब्द होता, आणि त्या फायलींवर यंत्राचा पहारा. रावसाहेब बदल करायचा, आणि यंत्र गुपचूप जुनी फाईल परत आणून ठेवायचं. पंधरा दिवस ही झटापट चालली. रोज स्टोअरमध्ये आल्यावर मी विचारायचो, “काय रे, काय झालं?” तो म्हणायचा, “बाळू, लई चिवट हाय. पण मीबी पाचोडचा हाय.” शेवटी यंत्र जिथून जुनी फाईल आणायचं ती जागा त्याला सापडली. मग प्रश्न आला शब्दाचा. त्यानं ‘प्रारंभ’ लिहिलं. वहिनी म्हणाल्या, “प्रारंभ काय? मंत्र्याचं भाषण हाय का? ‘चला’ लिवा की.” त्या रविवारी मी मुद्दाम बघायला गेलो. हिरव्या बटणावर मराठीत लिहिलेलं होतं, ‘चला’. वहिनींनी पदराला हात पुसले, माऊस धरला आणि त्यावर टिचकी मारली. यादी उघडली तशा त्या चपापून मागं सरकल्या, आणि मग आम्ही तिघंही हसत सुटलो.

आता माझी चूक सांगतो. मला त्या ‘चला’चं वेडच लागलं. रावसाहेबनं मला सगळी रीत दाखवली आणि बजावलं, “मूळ फाईल आधी बाजूला ठेवायची. नाय ठेवली तर परतीची वाट बंद.” मी ऐकलं आणि विसरलो. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर स्टोअरच्या संगणकावर मी एकट्यानं तो उद्योग केला. सकाळी पाहतो तर पडदा नुसता निळा. एक चित्र नाही, एक बटण नाही. त्याच दिवशी तपासणीला बाहेरचे साहेब यायचे होते, आणि स्टोअरच्या सगळ्या साठ्याचा हिशोब त्या यंत्रात. मी रावसाहेबला हाक मारली. रावसाहेबनं पडद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, खुर्ची ओढली आणि कामाला लागला. एवढ्यात मॅनेजर आले.

“हे कुणी केलं?”

मी टेबलावरच्या पावत्या नीट लावायला लागलो. खरंच, पावत्या लावत राहिलो मी.

“फाईल बदलली गेलीय, सायेब,” रावसाहेब मान वर न करता म्हणाला. “दोन तासांत देतो.”

“मी विचारलं, कुणी?”

“बदलायची कशी ते मी शिकवलंय. तवा माझ्याच नावावर लिवा.”

दोन तासांत त्यानं यंत्र सुरू करून दिलं, तपासणी पार पडली. त्याला मात्र ताकीद मिळाली आणि बढती एक वर्ष लांबली. महिनाभरानं मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. मी मॅनेजरकडं जाऊन खरं सांगतो, असंही म्हणालो. तो म्हणाला, “आता कशाला? वर्षानं व्हईन बढती. तू मूळ फाईल ठेवायला शिकलास का, ते सांग.” ...त्या दिवशी मी शिकलो.

निवृत्तीनंतर त्यानं वहिनींसाठी नवा संगणक घेतला. त्यात बटणावर शब्दच नव्हता, म्हणून यानं चित्रांना हात घातला. फोल्डरच्या पिवळ्या चित्रांच्या जागी त्याला दोऱ्याची रिळं हवी होती. आता फायलींवर मालकीच यंत्राची असायची. तो म्हणायचा, “सातबारा आधी आपल्या नावावर करून घ्यायचा, मग नांगर घालायचा.” पण दर काही महिन्यांनी अपडेट यायचं आणि रिळं जाऊन पिवळी फोल्डरं परत यायची. हा पुन्हा बसायचा.

मागच्या आठवड्यात वहिनींकडं गेलो. संगणक चालू होता, आणि पडद्यावर पुन्हा पिवळी फोल्डरं. मी म्हणालो, “वहिनी, कुणाला तरी आणतो आणि करून घेतो.”

“कशाला? बसा तुम्ही.” त्यांनी चष्मा लावला. मूळ फाईल बाजूला ठेवली, मालकी आपल्या नावावर केली, रिळांची फाईल तिथं टाकली, यंत्र बंद करून चालू केलं. रिळं आली. मी बघतच राहिलो.

“दोन वर्षं झाली, मीच करते,” त्या म्हणाल्या. “त्यांचे हात थरथरायचे. पण तुम्हाला सांगू दिलं नाय. बाळूसमोर उस्तादी जाईल म्हणायचे.”

तेवढ्यात शेजारची एक मुलगी कुडत्याचं कापड घेऊन आली. वहिनींनी तिची मापं घेतली आणि संगणकासमोर बसल्या. त्यांच्या डाव्या हाताला एक प्लास्टिकची खुर्ची होती, रावसाहेबची. मी तिच्यावर बसलो होतो, ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं. वहिनी एकेक माप मोठ्यानं म्हणत टाईप करायला लागल्या.

“उंची अडतीस,” त्या म्हणाल्या, आणि बोटं थांबली. मान किंचित खुर्चीकडं वळलेली. दर मापाला या खुर्चीतून रावसाहेबचा हुंकार यायचा, मग पुढचं माप... हे मला उमगायला एक क्षण लागला.

“हं,” मी म्हणालो.

“खांदा चौदा,” वहिनी म्हणाल्या.