आठ बोल्ट आणि एक जावई

सासऱ्यांच्या गाडीचे आठ बोल्ट काढायला मी एकटा पुरेसा आहे, असं मी जाहीर केलं आणि त्यातले पाच काढलेही. म्हणजे पाचांची डोकी काढली. उरलेला देह इंजिनातच राहिला.

शनिवारची सकाळ होती. नवघरला सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या अंगणात मंडपवाले बांबू उभे करत होते. रविवारी संध्याकाळी धाकट्या मेहुण्याची, प्रशांतची वरात. नवरीचं घर दोन गल्ल्या सोडून, पण वरात म्हणजे वरात! आणि ती निघणार आप्पांच्या पांढऱ्या गाडीतून. ही गाडी प्रशांतपेक्षा वयाने मोठी. थोरल्या मेहुण्याची वरात हिच्यातून गेली, माझी स्मिता सासरी आली ती हिच्यातून. "धाकल्याची वरात पण याच गारीन जायाची," हे आप्पा वर्षभर अख्ख्या नवघरला सांगत होते. दुसरी गाडी आणणं म्हणजे त्यांची मान खाली.

आणि नेमकी त्या शनिवारी सकाळीच गाडी भडभड करायला लागली. मेकॅनिक सलीमभाईंनी फोनवरच आवाज ऐकून सांगितलं, "धुएँ का जो मोटा पाइप इंजिन पे बैठता है ना, उसका पॅकिंग उड़ गया. आठ बोल्ट खोलने पड़ेंगे. शाम को आता हूँ, तब तक कोई हाथ मत लगाना."

संध्याकाळी! मला वाट बघणं जमत नाही. (मी चहा उकळायच्या आधीच गाळतो, असं स्मिताचं म्हणणं आहे.)

"संध्याकाळपर्यंत कशाला थांबायचं? मी करतो ना!"

"अरे, तुला घरातला नळ बदलता येत नाही!" स्मिता म्हणाली.

"नळ वेगळा, इंजिन वेगळं."

"तेच सांगतेय मी!"

पण मी यावर तीन व्हिडिओ पाहिले होते. (एक पूर्ण.) आप्पांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण त्या घरात जावयाला 'नको' म्हणायची पद्धत नाही. जावयाने विहिरीत उडी मारतो म्हटलं, तर ते आधी टॉवेल आणून देतील. "करा जावय," आप्पा कसंनुसं हसत म्हणाले. "तुमचीच गारी हाय."

बॉनेट उघडलं आणि मला भरूनच आलं. बोल्ट कसे चांदीसारखे चकचकीत! आता मला काय माहीत, की आप्पा दर दसऱ्याला पूजेआधी इंजिनाला चंदेरी रंग मारतात? आत गावाभोवतीच्या मिठागरांच्या खाऱ्या हवेने लोखंडाचा भुगा झालेला आणि वर एवढ्या दसऱ्यांच्या रंगाचे थर. त्या रंगाच्या भरवशावर ते बोल्ट उभे होते.

पहिले तीन मात्र सुटले! मंडपवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. लगेच माझ्यासाठी खुर्ची आली, चहा आला. सासूबाई माझ्या डोक्यावर छत्री धरून उभ्या राहिल्या. इथेच मी थांबायला हवं होतं.

चौथ्याला पाना लावला. टक्. डोकं हातात!

"काय झाला?" आप्पा.

"काही नाही, एक जरा जुना होता."

पाचवा. टक्. सहावा. टक्. प्रत्येक 'टक्'ला आप्पा डोळे मिटत होते आणि सासूबाई, "जावयांना लिंबूपाणी द्या रं!" असं ओरडत होत्या. आठवा तुटेपर्यंत मी दोन चहा, तीन लिंबूपाणी आणि एक अख्खं पपनस संपवलं होतं. एकाही माणसाने 'पुरे' म्हटलं नाही!

आता काय? व्हिडिओत दाखवलं होतं, तुटक्या बोल्टला मधोमध भोक पाडायचं. मी मंडपवाल्याचं ड्रिल मागून घेतलं. ते बोल्टवरून सटकलं आणि शेजारी घुसलं. भोकातून गढूळ पाणी आलं.

"बघा, गंज निघाला!" मी आनंदाने ओरडलो.

पाणी थांबेना. सासूबाईंनी भोकाखाली पातेलं लावलं.

सलीमभाई दुपारीच आले. (स्मिताने गुपचूप फोन केला होता.) त्यांनी आधी इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तेल डाला था?"

"नाही."

"गरम किया था?"

"नाही."

"तो किया क्या?"

"ताकद लावली."

सलीमभाईंनी तुटक्या बोल्टांवर एकेक नट वेल्डिंगने चिकटवला, पाना लावला आणि अर्ध्या तासात पाचही बोल्ट बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवले. "बोल्ट तो बच्चों का काम था," ते म्हणाले. "लेकिन ये छेद? इंजिन ठंडा रखनेवाला पानी बह रहा है. पूरा इंजिन खोलना पड़ेगा. चार दिन. तब तक चालू मत करना."

आप्पा माझ्यासाठी आणलेल्या खुर्चीत बसले. प्रशांत म्हणाला, "राहू द्या भावजी, दुसरी गाडी बघू." त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

शेवटी आप्पा उठले. "वरात याच गारीन जाल. इंजिनाचा काय काम? दोन गल्ल्या तं हायेत."

"आणि ढकलणार कोण?" स्मिताने विचारलं.

मंडपवाल्यांसकट सगळे माझ्याकडे बघायला लागले. आप्पांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा मला हुकूम सोडला. "जावय, उद्या कोट घालू नका."

रविवारी मी दोन गल्ल्या ती गाडी ढकलली. मदतीला चार जण होते. पण बँजो वाजला की ते चौघे नाचायला पळायचे आणि चढावर मी एकटा! आतून प्रशांत म्हणायचा, "भावजी, धक्के नका देऊ, फेटा सरकतोय!"

पण वरातीचं फार कौतुक झालं. धूर नाही, भडभड नाही. आठवड्याभरात शेजारचे काका मुलाच्या वरातीसाठी गाडी मागायला आले. मी तिथेच बसलो होतो. आप्पा खुशीत म्हणाले, "न्या की! इंजिन पण झालाय आता."

"इंजिन न्हाय चालू केला तरी चालल," काका माझे दंड बघत म्हणाले. "गारीसंगं जावय तेवढा धारा!"