शेरूसाठी रिकामी केलेली टोपली

सुनेनं आज कुत्र्याच्या पिल्लाच्या जंतांसाठी होमिओपॅथीची बाटली उघडली. त्या स्पिरिटच्या वासासरशी मी जंगलाकाठच्या मोहर्ली गावाजवळच्या आमच्या जुन्या अंगणात पोचले.

रानात मोहफुलं वेचायला जाताना आमचा कुत्रा शेरू पुढं चालायचा. वाघाची चाहूल त्यालाच आधी लागायची. जंतांनी पोट फुगून तो उठेनासा झाला, तरी बाबांचा भरवसा असल्याच गोड गोळ्यांवर.

"मी त्याले ढोराच्या डॉक्टरकडं नेऊन राह्यली," मी म्हटलं.

"आता तू मले शिकवशीन?"

मोहफुलांची भरली टोपली मी बाबांच्या पायाशी उलटी केली, तीत शेरूला घातलं आणि निघाले.

तो हंगाम बाबा माझ्याशी बोलले नाहीत. पण डॉक्टरच्या औषधानं बऱ्या झालेल्या शेरूच्या मागंच ते रानात चालले.

"बाटली बाजूला ठेव, पोरी," मी सुनेला म्हटलं. "टोपली आण."