न आलेल्या संदेशाची जागा

ताई चहा गार करूनच प्यायची. चपला काढल्या की त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवायची. 'वगैरे' हा शब्द तिला खपायचा नाही; कुणी म्हटला की विचारायची, "वगैरे म्हणजे कोण कोण?" घरी कोण असतं असं विचारलं, तर म्हणायची, "आत्ता, की एरवी?" ऑफिसातले साहेब वयाने मोठे, तरी तेही तिला ताईच म्हणत.

तिचं काम असं. शरीरातल्या पेशी एकमेकींना संकेत देतात. त्यांच्या प्रत्येक प्रकाराला संज्ञा द्यायची, एकदोन वाक्यांत व्याख्या लिहायची, आणि कोण कशाचा प्रकार, कोण कशाचा भाग, हे जोडून ठेवायचं. संशोधक या जोडण्यांवरूनच शोध घेतात. नियम एकच: वरच्या संज्ञेबद्दल, म्हणजे आईबद्दल, जे खरं, ते खालच्या सगळ्या लेकरांबद्दल खरं हवं.

सगळ्यांची आई म्हणजे 'पेशी-संकेत'. तिची व्याख्या ताईने नोकरीला लागली तेव्हाच लिहिली होती: बाहेरचा रेणू पेशीवरच्या ग्राहीला, म्हणजे संकेत टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो तेव्हा संकेत सुरू होतो. या वाक्यावर तिचा जीव होता.

मग एक आडमुठी संज्ञा आली. काही ग्राही, बाहेरचा रेणू येत असेतोवर, गप्प असतात. तो यायचा थांबला, की पेशीला मरायचा हुकूम देतात. इथे चिकटणारं कुणी नव्हतंच.

"गाळून टाका," साहेब म्हणाले. "एका पोरापायी अख्खं घराणं कशाला हलवायचं?"

"पोर खरं आहे, साहेब. आईचं वाक्य तोकडं आहे."

"तुमचंच ना ते?"

"म्हणून तर सांगतेय."

"आई बदलली तर खालचं सगळं पुन्हा तपासावं लागेल. नवी आवृत्ती निघेपर्यंत झालं, तर ठेवू. नाहीतर पोर बाहेर."

ती काम घरी आणू लागली. नवरा म्हणाला, "तुझ्या पेशी मरू देत, जेवण गार होतंय."

"मरायच्या त्या वेळेवर मेल्या नाहीत तर गाठ होते. गाठीवर काम करणाऱ्यांना ही संज्ञा सापडायला हवी."

"सापडेल. जेवून घे आधी."

ती जेवली.

नवं वाक्य तिने लिहिलं: ग्राहीची अवस्था बदलली की संकेत सुरू होतो, मग ती रेणू आल्याने बदलो, की यायचा थांबल्याने. आधीच्यासारखं ते घोटीव नव्हतं. तिने तसंच ठेवलं आणि खालची एकेक संज्ञा त्याच्याशी ताडून पाहू लागली. वाढीच्या संकेतांची फांदी झाली. चेतापेशींची झाली. तिथे 'प्रकार' म्हणून जोडलेली एक संज्ञा खरं तर 'भाग' निघाली. ती सरळ केली.

मंगळवारी ती आली नाही. झोपेतच गेली, असं नवऱ्याने फोनवर सांगितलं. साहेबांनी फोन ठेवला.

आवृत्ती ठरल्या दिवशी निघाली. जुन्याच वाक्यानिशी, त्या पोराशिवाय.

नवं वाक्य मसुद्यात आहे. प्रतिकारपेशींची फांदी तिने नुकतीच उघडली होती. पहिल्या संज्ञेपुढे शेरा आहे: 'बघते.'