आजोबांचा गोड चहा
परवा सांगलीच्या दवाखान्यात हातात आलेला चहा इतका गोड निघाला, की मला थेट मेढ्याच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे तो आठवीचा वर्ग आठवला. बाहेर भाताच्या खाचरांवर धुकं उतरलं होतं, वर्गात ओल्या दप्तरांचा वास कोंदला होता आणि मी फळ्यावर ‘हेल्पलेस’ लिहिलं होतं. अर्थ सांगितला, हतबल. ज्याच्या हातात काहीच उरलेलं नाही असा. मग म्हटलं, वाक्यात उपयोग करा. मुलांनी पुरात अडकलेली माणसं, पंख तुटलेली पाखरं, असं सगळं गाइडातलंच आणलं, आणि मला जांभई यायला लागली. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. “बाई, म्हस व्यायला लागली की आमचं आजोबा हेल्पलेस हुत्यात.” हे आजोबा मिलिटरीतून रिटायर झालेले, अख्खं गाव त्यांना वचकून असायचं. “गोठ्याभवती नुसत्या येरझाऱ्या घालत्यात. मग आजी म्हणती, आवं, तुमी च्या करा. मग समद्यांस्नी च्या करत्यात. लय ग्वाड!” वर्ग खो खो हसला. तिला मात्र हसू येईना. “सकाळधरनं म्हस अडलीया, बाई. दुसऱ्यांदा च्या ठिवलाय त्यांनी.” दुसऱ्या दिवशी तिने खरवसाचा डबा माझ्यापुढे ठेवला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. परवा आत माझी लेक अडली होती आणि बाहेर जावई भिंतीपासून भिंतीपर्यंत फेऱ्या मारत होते. शेवटी मीच म्हटलं, “आता तुम्ही सगळ्यांना चहा आणा बघू.” ते धावतच गेले. त्यांनी आणलेला दुसरा कप संपायच्या आत मी आजी झाले.