दशावताराचा आधार शोधायला येनाला

नवरा कामासाठी जर्मनीहून पुण्याला गेला आणि सासरे व लेक यांच्यातला अबोला निस्तरायचं माझ्या एकटीच्या गळ्यात पडलं. शुक्रवारी जेवताना मी जाहीर केलं, "उद्या तिघं येनाला जातोय. सबबी चालणार नाहीत."

भांडणाचं कारण असं. माझ्या तेरा वर्षांच्या रेवाला वर्गापुढे रेफराट, म्हणजे लिहून आणलेलं छोटं भाषण, द्यायचा होता. विषय, उत्क्रांतिवाद नवा असताना लोक आणि चर्च काय म्हणाले. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, साताऱ्यात तीस वर्षं विज्ञान शिकवलंय. "मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह! आपल्याला हे आधीपासून ठाऊक होतं," असं त्यांनी सांगितलं आणि नातीने त्यावर कौतुकाने अख्खं पान लिहिलं. कच्च्या प्रतीत बाईंनी त्या पानावर लाल शाईने एकच शब्द टाकला, 'क्वेले?' म्हणजे, याला आधार काय? रेवाने पान काढून टाकलं. आबा चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. सोमवारी रेफराट होता, मंगळवारी आबांचं विमान. ते रुसून साताऱ्याला गेलेले मला चालणार नव्हते. येनामध्ये उत्क्रांतीचं जुनं संग्रहालय आहे, म्हणून येना.

सकाळी सहाला र्युसेल्सहाइमहून निघालो. शनिवार-रविवारी साध्या गाड्यांचं दिवसभराचं तिकीट मिळतं. पाच जणांना चालतं आणि चाळीस युरोच्या आत पडतं, पण गाड्या बदलून जीव मेटाकुटीला येतो. फुल्डाला कॉफी प्यायला वेळ मिळाला, तेवढंच सुख. दर स्टेशनवर आबा मला विचारायचे, "पुन्हा उतरायचं?" आणि रेवा खिडकीकडे बघत म्हणायची, "उमश्टाइगन." म्हणजे, गाडी बदलायची. दोघांचं संभाषण ते एवढंच, तेही माझ्यामार्फत.

दुपारी येनाला पोहोचलो. शाकाहारी मंडळींनी तिथे क्लोसे, म्हणजे बटाट्याचे उकडलेले गोळे, मागवावेत, आणि मांसाचा रस्सा नको हे दोनदा बजावावं. आबांनी पिशवीतून लसणाची चटणी काढली. शेजारच्या टेबलावरच्या आजी टक लावून बघत होत्या, तर आबांनी त्यांनाही चिमूटभर दिली. रेवा ओशाळून लाल झाली.

संग्रहालयात पहिल्या कपाटात व्यंगचित्रं होती. कोटटोपीतल्या विद्वानाला माकडाची शेपटी. पुढे एक संतापलेलं प्रवचन, छापील. आबा खुशीत आले. "बघा, यांना पचलंच नाही. आपल्याकडे असलं काही नव्हतं." तिसऱ्या कपाटात गावातल्या कुण्या पाद्र्याची पातळशी पुस्तिका उघडी ठेवली होती. जुनी वळणदार अक्षरं रेवा अडखळत वाचत होती आणि मी आबांना मराठीत सांगत होते. "हे म्हणतात, चिडायचं कारणच नाही. आमच्या ग्रंथातले सृष्टीचे सहा दिवस म्हणजे सहा युगंच. आधी पाणी, मग मासे, मग जनावरं, शेवटी माणूस. आम्हाला हे..."

मी थांबले. पुढचं वाक्य सासऱ्यांपुढे म्हणायला जीभ रेटेना.

"आधीपासून ठाऊक होतं," आबांनीच पुरं केलं. ते काचेवर वाकले. मग चार दिवसांत पहिल्यांदा ते थेट नातीशी बोलले. "रेवा, आधार काय दिलाय त्यांनी?"

तिने पान खालपर्यंत तपासलं. "काइनन, आबा." काहीच नाही. आबा एकदम हसले. "मग हे तर माझंच भावंड!"

रात्री एका साध्या पेन्शनमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, राहिलो. नाश्ता भरपूर होता, उशा मात्र भाकरीसारख्या चपट्या. रविवारी परतताना आबांनी रेवाकडे ते काढून टाकलेलं पान मागितलं. तिने फाडलं नव्हतं, फाईलच्या शेवटी जपून ठेवलं होतं. "हे पुरावा म्हणून नको," आबा म्हणाले, "त्या पाद्र्याच्या म्हणण्याखाली लाव. लोक काय म्हणाले, त्यात." मग पेन घेऊन लाल 'क्वेले?'समोर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'माझे आजोबा, निवृत्त शिक्षक, सातारा.'

"गेनाऊ," अगदी बरोबर, असं रेवा म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

सोमवारी ते पान वर्गात वाचलं गेलं. मंगळवारी विमानतळावर मी वाकून नमस्कार केला, तेव्हा आबा हळूच म्हणाले, "सूनबाई, तीस वर्षांत मला हा प्रश्न एकाही पोराने विचारला नाही." मग बॅग उचलत म्हणाले, "मी विचारू दिला नसेल."